पहिल्या मात्रेपूर्वीचा प्रश्न

कर्करोग म्हणजे मृत्यूचे आमंत्रण, ही समजूत आता मागे पडत आहे. बालवयातील रक्ताचा कर्करोग, तरुणांमध्ये आढळणारा वृषणाचा कर्करोग यांतून वेळीच उपचार मिळालेले रुग्ण मोठ्या संख्येने बरे होतात. बरा झालेला तरुण कामधंद्याला लागतो, घरात विवाहाचा विषय निघतो आणि तेव्हा कळते की, ज्या औषधाने प्राण वाचवले त्यानेच अपत्यप्राप्तीची शक्यता हिरावून नेली आहे. सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधे आणि ओटीपोटावरील किरणोपचार यांचा स्त्रीच्या बीजांडकोशावर व पुरुषाच्या वृषणावर आघात होतो. वैद्यकशास्त्राला हे अनेक दशके ठाऊक आहे. गरीब रुग्णाला मात्र ते बहुधा फार उशिरा समजते.

यावर उपाय आहेत. पुरुषाचे वीर्य उणे १९६ अंश सेल्सियस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे राखता येते. त्यासाठी एक-दोन दिवस पुरतात व खर्चही तुलनेने अल्प असतो. स्त्रीबीज गोठवण्यासाठी सुमारे दोन आठवडे लागतात आणि खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जातो. वयात न आलेल्या मुलीच्या बीजांडकोशाचा अंशही राखून ठेवता येतो. यांपैकी काहीही अपत्याची हमी देत नाही, आणि रोग वेगाने बळावत असेल तर थांबण्यास सवड नसते. म्हणूनच हा विषय औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वी निघाला पाहिजे.

जिथे खाटा आणि किरणोपचाराची यंत्रे अपुरी, तिथे हे चोचले कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु हे पाश्चात्त्यांकडून उसने आणलेले चोचले नव्हेत. १९७८ साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिले परीक्षानलिका-बालक जन्मले, तेही गोठवून राखलेल्या भ्रूणापासून. शासकीय समितीने त्यांचा दावा धुडकावला. १९८१ साली या संशोधकाने आत्महत्या केली. पुढे १९८६ साली परळच्या के.ई.एम. या महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. आनंदकुमार यांनी हे तंत्र यशस्वी केले. देशभरातून कर्करुग्ण येतात तेही याच परळला. सार्वजनिक रुग्णालयात रुजलेली ही विद्या आज बहुतांशी खासगी केंद्रांत, पैसेवाल्यांच्या सेवेत आहे, ही खरी खंत आहे.

२०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. मात्र वंध्यत्वावरील उपचार तिच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. कर्करुग्णाचे बीजरक्षण हा वंध्यत्वावरील उपचार नव्हे, कर्करोगाच्या उपचाराने होणारी हानी टाळण्याचा तो उपाय आहे. किमान वीर्यसंचयाचा खर्च तरी कर्करोग-उपचाराचाच भाग मानला जावा. २०२१ च्या साहाय्यित प्रजनन कायद्याने सेवेसाठी किमान २१ वर्षे वयाची अट घातली आहे. सतरा वर्षांच्या कर्करुग्णाने काय करावे, याचे निःसंदिग्ध उत्तर नियमांत असले पाहिजे.

शासनावर भार टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. परळलाच नाना पालकर स्मृती समितीने १९६८ पासून परगावच्या रुग्णांना आसरा दिला आहे. अशा सेवाभावी संस्थांनी निवासाबरोबर समुपदेशन आणि मुलींसाठी खास निधी यांचाही विचार करावा. कारण मुलाच्या बाबतीत निदान ‘वंशाचे काय?’ असे कोणी तरी विचारतो. मुलीचा आजारच लग्न मोडेल या धास्तीने दडवला जातो. मातृत्वाची महती गाणाऱ्या समाजाला हे शोभत नाही. ज्यांना अपत्य होणार नाही, त्यांना दत्तकाचा मार्ग सन्मानाने खुला असावा, हेही तितकेच खरे.

खाटा वाढवण्यास, यंत्रे आणण्यास वेळ लागेल. उपचार सुरू करण्यापूर्वी रुग्णाला व त्याच्या आईवडिलांना जवळ बसवून पुढील धोका सांगण्यास मात्र एक पैसाही लागत नाही. प्रत्येक कर्करोग रुग्णालयाने तेवढे उद्यापासून करावे.