‘बरा झाला’ म्हणून मोकळे होणारे आपण

कर्करोगाने गाठलेले मूल बरे होऊन गावी परतले की पेढे वाटले जातात, देवाचे आभार मानले जातात आणि त्या कुटुंबाविषयीची आपली साऱ्यांची जबाबदारी त्याच दिवशी संपते. या शेवटच्या गोष्टीबद्दल आमची तक्रार आहे. ‘बरा झाला’ हे शब्द आनंदाचे खरे. पण आपण ते हात झटकण्यासाठी वापरू लागलो आहोत.

गिरणाकाठच्या भडगाव तालुक्यातील एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणावी. वय सहा, निदान रक्ताच्या कर्करोगाचे. कजगाव स्टेशनावरून मुंबईची गाडी, परळचे टाटा स्मारक रुग्णालय आणि पुढची दोन-अडीच वर्षे औषधे. आई तिच्याबरोबर परमुलखात, बाप केळी-कपाशीच्या रानात कर्ज फेडीत, धाकटा भाऊ आजीजवळ. मुलगी वाचते. घरी आल्यावर आई रुग्णालयाची फाईल लोखंडी पेटीच्या तळाशी ठेवते आणि कुलूप लावते. कारण उघड आहे: उद्या पोरीचे लग्न व्हायचे आहे.

त्या फाईलमध्ये काय दडलेले असते, हे आपण समजून घेतले पाहिजे. डॉक्सोरुबिसिनसारखी औषधे हृदयाचा स्नायू दुबळा करू शकतात आणि तो दुबळेपणा कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी प्रकट होतो. बाळंतपणाच्या ताणात तो वाढण्याची भीती असते. सिस्प्लॅटिनने ऐकू येणे कमी होऊ शकते. मेंदूला किरणोपचार दिले असतील तर मुलाची वाढ आणि अभ्यासाची गती मंदावू शकते. काही औषधे अपत्यप्राप्तीच्या आड येतात. क्वचित दुसरा कर्करोगही उद्भवतो. हे सर्वांनाच होते असे मुळीच नाही. पण कोणाला होईल, हे तपासणीवाचून कळत नाही. आता तीच मुलगी बाविसाव्या वर्षी, गरोदरपणी, धाप लागते म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात येते. डॉक्टर विचारतात, ‘पूर्वी काही मोठा आजार?’ शेजारी सासू बसलेली असते. मुलगी म्हणते, ‘नाही.’ हे खोटे तिच्या तोंडून कोणी वदविले? आम्ही म्हणतो, आपण साऱ्यांनी.

केवळ बरे करणे पुरेसे नाही, हे अमेरिकी वैद्य डॉ. दांजिओ यांनी 1975 मध्येच बजावले होते. टाटा रुग्णालयाने उपचार संपलेल्या मुलांसाठी 1991 मध्ये स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाखाली 2009 मध्ये ‘उगम’ हा गट उभा राहिला. बालपणी या रोगातून वाचलेले तरुणच त्यात एकमेकांचे हात धरतात. उपचार चालू असता राहायचे कोठे, या प्रश्नाला सेंट जूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सने 2006 पासून विनामूल्य निवारा देऊन उत्तर दिले. मुंबईने आपल्यापरीने काही केले. प्रश्न आहे तो मुंबईहून परतणाऱ्या गाडीचा. ती गाडी कजगावला थांबते तेव्हा फलाटावर त्या मुलाची वाट पाहत कोण उभे असते?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, झाले गेले विसरावे, पोराला पुन्हा पुन्हा आठवण का द्यावी? विसरण्याचा हक्क मुलाला जरूर आहे. त्याच्या वैद्याला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पैसा अपुरा असताना तो आधी आजारी मुलांवरच खर्चावा. परंतु वर्षातून एकदा हृदयाची सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी यांना किती पैसा लागतो? लाखो रुपये खर्चून वाचविलेला जीव त्या तपासणीअभावी गमावणे, याला काटकसर म्हणता येत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेने गरिबाला रुग्णालयाचे दार उघडून दिले, याबद्दल कृतज्ञता आहेच. पण उपचारानंतरची वीस-तीस वर्षे त्या दाराबाहेरच जगायची असतात.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक मुलाच्या हाती, कोणते औषध एकूण किती दिले, किरण कोठे आणि किती दिले, याचा मराठीत लिहिलेला एक कागद असावा. वार्षिक तपासणी धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत व्हावी. त्यासाठी दरवेळी परळ गाठावे लागू नये. शाळेने बुडालेली वर्षे भरून काढण्यास मदत करावी. नोकरी आणि विमा यांत जुना आजार आयुष्यभर आडवा येऊ नये. फ्रान्सने 2022 च्या कायद्याने कर्जाच्या विम्यापुरती ही अट उपचारानंतर पाच वर्षांनी काढून टाकली. आपल्याकडे अशा कायद्याची मागणी तरी कोणी करते काय?

आणि त्या आईचे काय? दोन-अडीच वर्षे जिने रात्र रात्र जागून काढली, ती आजही पोराला साधा ताप आला तरी थरथरते. तिला कोणी विचारीत नाही, कारण तिच्या नावाचा केसपेपर कधी निघालाच नव्हता. तिच्याशी बोलायला डॉक्टर लागत नाही. शेजारीण पुरते, धर्मग्रामातील एखादी भगिनी पुरते, महिला मंडळ पुरते. आजारपणात फळांची पिशवी घेऊन जाणारे आपण, आजार संपल्यावर पाचव्या वर्षी त्या घराची पायरी चढतो काय?

पेटीचे कुलूप त्या आईने लावले असले, तरी ते उघडण्याचे धैर्य तिला एकटीला येणार नाही. ज्या दिवशी ‘आमच्या सुनेला लहानपणी कर्करोग झाला होता, ती बरी आहे, दरवर्षी तपासणीला जाते’ असे एखादी सासू चारचौघांत सहज सांगेल, त्या दिवशी ‘बरी झाली’ हे शब्द आम्हीही निःशंकपणे उच्चारू.