टुमदार गावांची हौस

मराठी माणूस युरोपची सहल करून आला की त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं. "काय गावं आहेत हो! परंपरा कशी जपलीय बघा त्यांनी!" मग ब्लॅक फॉरेस्टची कुकू घड्याळं, लाकडी खेळणी, खिडक्यांतली लाल फुलं... आणि पुढचं वाक्यही ठरलेलं. "नाहीतर आपल्याकडे!"

या दुसऱ्या वाक्याशी माझं भांडण आहे.

जर्मनीत सॅक्सनीच्या डोंगरात झाइफेन नावाचं गाव आहे. कथलाच्या खाणी आटल्या तेव्हा तिथले खाणकामगार लाकडाच्या कातकामाकडे वळले. लाकडाचं कडं कातायचं आणि ते उभं चिरलं की एकेका फाकेतून घोडा नाहीतर गाय निघते. बघणारा थक्क होतो. पण हे काम टिकलं ते बघणाऱ्याच्या कौतुकावर नव्हे. लाकडी खेळणी करणं हा तिथे मान्यताप्राप्त व्यवसाय आहे. त्याचं तीन वर्षांचं रीतसर शिक्षण असतं, ते शिकवणारी शाळा गावातच आहे. कारागिरांसाठी १९५३ सालचा कायदा आहे. आणि गिऱ्हाईक सांगितलेली किंमत मुकाट मोजतं. आपले प्रवासी फोटो काढतात तो फुलांचा. त्यामागची शाळा, कायदा आणि किंमत त्यात दिसत नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. धार जिल्ह्यात राजगढजवळ मोहनखेडा हे जैनांचं मोठं तीर्थ आहे. 'अभिधान राजेंद्र' हा सात खंडांचा प्राकृत कोश रचणाऱ्या राजेंद्रसूरींची समाधी तिथे आहे. धार आणि देवास ही पवारांची संस्थानं, म्हणजे हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. यात्रेकरू येतात, दर्शन घेतात, बरेचजण पुढे मांडूला जातात. टांड्याच्या वाटेने गेलं तर त्याच जिल्ह्यात बाग नावाचं गाव आहे. तिकडे किती गाड्या वळतात?

बागमध्ये खत्री कुटुंबं कापड छापतात. कोरं कापड आधी एरंडेल, खारी माती आणि शेळीच्या लेंड्या यांत मळतात. मग हिरड्याचं पाणी. मग लाकडी ठसे, लालसाठी तुरटी आणि काळ्यासाठी लोखंडाचा गंज. छापलेलं कापड काही दिवस मुरू द्यायचं, वाहत्या नदीत धुवायचं आणि शेवटी अ‍ॅलिझरीन व धावडीच्या (आपली धायटी) फुलांसोबत तांब्याच्या कढईत उकळायचं. नदीच्या पाण्यामुळे रंग खुलतो, असं छापणारे सांगतात. मूळ गिऱ्हाईक कोण, तर आसपासचे भिल्ल, भिलाला. हे कापड नेसायचं होतं, दिवाणखान्यात टांगायचं नव्हतं. स्वस्त कृत्रिम धाग्याचं कापड आलं आणि ते गिऱ्हाईक गेलं. अनेकांनी धंदा सोडला, काहींनी चिकाटीने धरला.

२००८ मध्ये या छपाईला भौगोलिक मानांकन मिळालं. छान झालं! पण मानांकन दुकानात उभं राहून राखण करत नाही. स्क्रीनवर झरझर छापलेलं कापड 'बाग प्रिंट' म्हणून खपतं, आणि आठवडे खपून छापलेल्या चादरीवर आपण घासाघीस करतो. झाइफेनच्या लाकडी घोड्यावर कुणी घासाघीस केल्याचं ऐकलंय का?

कुणी म्हणेल, बाग सुंदर कुठे आहे? चिखल, भट्टीचा धूर, लेंड्यांचा वास. अहो, काम असंच असतं! गाव टुमदार नसेल तर त्यातलं कसब बघण्यालायक नाही, हा कुठला न्याय? जवळच्या गुंफांतली प्राचीन बौद्ध चित्रं नासू लागली तेव्हा १९८२ मध्ये ती भिंतीवरून काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात न्यावी लागली. चित्र असं नेता येतं. छपाई नेता येत नाही. तिला नदी लागते, वाहतं पाणी लागतं आणि शिकायला तयार असलेला मुलगा लागतो. बापाच्या घामाची किंमत पाडून मागितलेली ज्या मुलाने पाहिली, तो का शिकेल?

हे मी गोव्यात बसून लिहितोय, तेव्हा आपल्या अंगणाकडेही बघायला हवं. डिचोलीच्या कुंभाराचं मडकं आणि कुंकळ्ळीच्या चितार्‍याचा लाखेचा पाट आपल्याला हॉटेलच्या सजावटीत आवडतो. घरी मात्र प्लास्टिक!

परंपरा जपण्याचा ठेका कारागिराला देऊन आपण टाळ्या वाजवायला मोकळे, असं चालणार नाही. जर्मनांकडून शिकायचंच तर फुलं लावायला नको. शिकाऊ मुलाला विद्यावेतन, कारागिराच्या नावाची कायद्याने राखण आणि मागितलेली किंमत देण्याची रीत, एवढं शिकलो तरी पुरे. पुढच्या खेपेला मोहनखेड्याला गेलात तर गाडी बागकडे वळवा. ठसा कोणी मारला ते विचारा, त्याचं नाव लक्षात ठेवा. आणि सांगितलेली किंमत द्या.