‘खूश राहा’ म्हणणं सोपं आहे

भाभीला सातवा महिना लागला तेव्हा सोनोग्राफीत बाळाचं वजन कमी दिसलं. दवाखान्यातून निघताना तिला दोन सल्ले मिळाले: नीट खा आणि खूश राहा. पहिला तिने पाळला. दुसरा कसा पाळायचा हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हा घरच्यांनाही विचारायचं सुचलं नाही.

आम्ही गिरगावातल्या जुन्या चाळीत राहतो. पाणी पहाटे साडेचारला येतं, ते भाभी भरायची. पुनर्विकासाची नोटीस आल्यापासून घरात रोज एकच विषय: भाड्याची खोली कुठे मिळेल, आणि आपलं नाव ऐकल्यावर मिळेल का? त्यात येणारी-जाणारी प्रत्येक खाला ‘या खेपेला मुलगाच’ म्हणून जायची. पहिली मुलगी असलेल्या बाईला हे वाक्य किती जड जातं, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल वाढतं. ते बाळापर्यंत फार पोहोचू नये म्हणून वारेतलं एक एन्झाइम त्यातलं बरंचसं निष्प्रभ करतं. पण ताण तीव्र आणि दीर्घकाळचा असेल तर ही राखण कमी पडू शकते. वेळेआधी बाळंतपण आणि कमी वजन यांचा धोकाही वाढतो. एखाद्या दिवशीच्या रडण्याने बाळाचं काही बिघडत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. नाहीतर ‘टेन्शन घेऊ नकोस, बाळाला त्रास होईल’ हेच तिला एक नवं टेन्शन होऊन बसतं.

गोव्यात म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीपासून भेटून अभ्यास केला. तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी 100 पैकी सुमारे 23 जणी नैराश्यात होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचा त्रास बाळंतपणाआधीच सुरू झालेला होता. कारणं काय निघाली? गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, आणि मुलगी झाली म्हणून घरात पडलेले चेहरे. पुढच्याच वर्षी आलेल्या निबंधात दिसलं की नैराश्यातल्या आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजनाने, उंचीने आणि बौद्धिक वाढीच्या चाचणीतही मागे पडण्याची शक्यता जास्त होती.

या यादीत बाईचा ‘हळवा स्वभाव’ कुठे आहे? मला तरी घरच दिसतं.

आणि घर बदलायला दर वेळी मोठा डॉक्टर लागतो असंही नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आरोग्यसेविकांनाच थोडं प्रशिक्षण देऊन नैराश्यातल्या गरोदर बायकांच्या घरी पाठवलं. त्या बोलायच्या, ऐकून घ्यायच्या, घरच्यांनाही सोबत घ्यायच्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या बायकांपैकी 23 टक्के नैराश्यात होत्या. अशा भेटी ज्यांना मिळाल्या नाहीत, त्यांच्यात 53 टक्के. हे 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आपल्याकडे टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तो भाभीच्या फोनमध्ये मी घालून दिला. अजून तिने लावलेला नाही.

साडेचारला आता भाऊ उठतो. पहिले चार दिवस कुरकुरला, मग सवय झाली. अम्मीने खालांना एकदा स्पष्ट सांगितलं, त्याचा रुसवा अजून चालू आहे. खोलीसाठी एजंटांना फोन मी करतो. तीन ठिकाणी नाव सांगताच नकार आला. हे भाभीला सांगावं की नाही, यावर भावाचं आणि माझं एकमत झालेलं नाही.