वेदनेचे मोजमाप आणि सिडनीचे यंत्र

ताप अंशांत मोजता येतो, रक्तदाब पाऱ्याच्या उंचीवर. वेदनेसाठी वैद्यकाजवळ आजही मुख्य माप आहे: रुग्णाने तोंडी सांगितलेला शून्य ते दहामधला आकडा. अमेरिकेत २०२३ साली २४.३ टक्के प्रौढांना दीर्घकालीन वेदना असल्याचे सरकारी पाहणीत आढळले. ओपिऑइड गोळ्यांच्या व्यसनाने पोळलेल्या त्या देशात औषधाविना वेदनाशमन करणाऱ्या उपकरणांना मोठी बाजारपेठ आहे. सिडनीतील अभियंते जॉन पार्कर यांच्या संशोधनाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर तपासले पाहिजे.

मूळ कल्पना जुनी आहे. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेच्या संदेशांना मज्जारज्जूत एक 'द्वार' असते आणि स्पर्शाचे संदेश ते बंद करू शकतात, असा सिद्धांत मांडला. दोनच वर्षांत नॉर्मन शीली यांनी रुग्णाच्या पाठीच्या कण्यात विद्युत्स्पंदने देणारे पहिले उपकरण बसविले. अडचण निराळीच निघाली. माणूस खोकला, वाकला किंवा नुसता उताणा झोपला, तरी इलेक्ट्रोड आणि मज्जारज्जू यांतील अंतर बदलते. परिणामी तोच प्रवाह कधी झटका देतो, कधी जाणवतही नाही.

पार्कर पूर्वी कॉक्लियर या कर्णरोपण बनविणाऱ्या कंपनीत होते. प्रत्येक स्पंदनाला श्रवणतंतूंनी काय उत्तर दिले हे नोंदविण्याची सोय तिथे आधीपासून होती. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जैववैद्यकीय अभियांत्रिकी विभागाशी संलग्न असलेल्या पार्कर यांनी तीच युक्ती मज्जारज्जूकडे वळविली. काम सोपे नव्हते. तंतूंचे उत्तर मायक्रोव्होल्टमध्ये येते, तर प्रश्न विचारणारे स्पंदन त्याच्या हजारो पट मोठे असते. ढोलताशांच्या पथकात उभे राहून कुजबुज टिपावी, तसे. ती टिपून पुढचे स्पंदन आपोआप कमीजास्त करणारे उपकरण सलुडा मेडिकल या त्यांच्या कंपनीने घडविले. अमेरिकी नियामकाने २०२२ च्या आरंभी त्याला मान्यता दिली.

मान्यतेमागील चाचणीत १३४ रुग्ण होते. वर्षअखेर निम्म्याहून अधिक आराम पडलेल्यांचे प्रमाण नव्या पद्धतीत सुमारे ८३ टक्के, तर जुन्या पद्धतीत ६१ टक्के भरले. फरक लक्षणीय आहे, पण तुलना कशाशी झाली हे जाहिरातीत ठळक नसते. दोन्ही गटांना विद्युत्स्पंदने मिळत होती. बंद यंत्राशी तुलना झालीच नाही.

नेमके तिथेच या क्षेत्राचे दुखणे आहे. नॉर्वेतील ५० रुग्णांच्या चाचणीत चालू आणि बंद यंत्रांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने, कंबरदुखीसाठी हा उपचार वैद्यकीय चाचणीबाहेर वापरण्यास पुरावा पाठबळ देत नाही, असा निष्कर्ष काढला. नॉर्वेत वापरलेली स्पंदनपद्धती नेहमीची नव्हती, हा विरोधी तज्ज्ञांचा आक्षेप अगदीच फोल नाही. मात्र नेहमीच्या पद्धतीत पाठीपायांत मुंग्या येतात आणि यंत्र चालू आहे हे रुग्णाला लगेच कळते. मग भ्रामक उपचाराशी प्रामाणिक तुलना करायची कशी, याचे उत्तर कंपन्यांनी दिलेले नाही. ते मागण्याचा अधिकार, शस्त्रक्रियेचा धोका पत्करणाऱ्या रुग्णाइतकाच, खर्च उचलणाऱ्या विमाधारकांनाही आहे.

पार्कर यांच्या कामाचे मोल यामुळे घटत नाही. स्पंदनाचा 'डोस' मज्जारज्जूपर्यंत किती पोहोचला हे डॉक्टरला प्रथमच आकड्यात दिसू लागले. परंतु तो आकडा तंतूंच्या प्रतिसादाचा आहे, वेदनेचा नव्हे. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारली, तेव्हा जॉन्स हॉपकिन्सचे श्रीनिवास राजा अध्यक्ष असलेल्या कार्यगटाने हाच भेद नोंदविला: वेदना हा नेहमीच वैयक्तिक अनुभव असतो, केवळ तंतूंच्या हालचालींवरून त्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

अमेरिकेत मेडिकेअर कायमच्या रोपणापूर्वी तात्पुरत्या इलेक्ट्रोडने चाचणी करण्याची अट घालते. काही दिवसांच्या त्या चाचणीत आराम पडला की नाही, हे अजूनही रुग्णाला विचारूनच ठरते.