कोर्टाची पायरी आणि वकिलाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण व्यापारी घराण्यांत वडीलधाऱ्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. तिच्यात अनुभवाचे शहाणपण आहे. परंतु तिचा एक चुकीचा अर्थही रूढ झाला आहे. कोर्टाची पायरी टाळायची म्हणून वकिलाचीही पायरी टाळली जाते. समोरच्याने करार मोडला की प्रथम दलालामार्फत निरोप जातो, मग दोन्हीकडच्या ओळखीचा कोणी नातेवाईक मध्ये पडतो, मग ‘दिवाळीपर्यंत देईल’ या आशेवर एक वर्ष जाते. सगळे उपाय खुंटल्यावर वकिलाची आठवण होते. तोवर कागद हरवलेला असतो, किंवा मुदतच संपलेली असते.

भिवंडीच्या कापडबाजारात ही गोष्ट अधिक जपण्याची आहे. येथे सुताचा आणि ग्रे कापडाचा सौदा आजही बहुधा शब्दावर होतो. भाव, पन्हा, रीड-पिक, मीटर आणि पेमेंटची धारा एवढे फोनवर ठरते. दलाल दोन्ही बाजूंना सांगतो आणि यंत्रमाग सुरू होतात. खरेदीदार भिवंडीचा, विकणारा सुरतेचा, माल तिसऱ्याच गावी रंगाईला जाणारा. मागाहून येणाऱ्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत विकणाऱ्याच्या गावच्या न्यायालयाचे नाव छापलेले असते. सौदा सुरळीत पार पडला तर ती ओळ कोणी वाचत नाही; बिघडला तर पहिला वाद तिच्यावरूनच उभा राहतो.

फोनवरच्या सौद्याची आपल्या न्यायालयांतील सर्वांत प्रसिद्ध कथा महाराष्ट्रातलीच आहे. २२ जुलै १९५९ रोजी खामगावची एक जिनिंग व तेलगिरणी आणि अहमदाबादची एक पेढी यांच्यात ट्रंक कॉलवर सरकीच्या पेंडीचा सौदा झाला. माल मिळाला नाही, अशी तक्रार करून अहमदाबादच्या पेढीने तेथील न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगावकरांनी हरकत घेतली की स्वीकृतीचा शब्द खामगावातून उच्चारला गेला, म्हणून दावाही तिकडेच चालला पाहिजे. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फोनवरचा करार जेथे स्वीकृती ऐकू येते तेथे पूर्ण होतो, म्हणून अहमदाबादचे न्यायालय योग्य, असा निर्णय ३० ऑगस्ट १९६५ रोजी बहुमताने झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत मात्र वेगळे पडले. सौदा झाला तेव्हा दोन्ही गावे एकाच मुंबई राज्यात होती. निकाल लागला तेव्हा दोन राज्यांत विभागली गेली होती. पेंड दिली की नाही हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. दावा कोठे चालवायचा, एवढ्याच गोष्टीत सहा वर्षे गेली. सौद्याच्या दिवशी एक ओळ लिहून दोघांनी सही केली असती, तर ही सहा वर्षे वाचली असती.

दुसरी कथा थेट कापडाची आहे. १९४७ साली वाराला एक रुपया भावाने कॅनव्हासचा सौदा झाला. कानपूरहून रेल्वेने माल चढवून कलकत्त्याची पावती खरेदीदाराला द्यायची होती. रेल्वेचे बुकिंग बंद झाल्याने माल गेला नाही. करार मोडला हे उघड होते. खरेदीदाराने नुकसानीसाठी कलकत्त्याचा भाव पुढे केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली सांगितले की माल कानपूरला सुपूर्द व्हायचा होता, म्हणून करारभंगाच्या दिवशीचा कानपूरचा भाव सिद्ध करणे आवश्यक होते. तो पुरावा नसल्याने खरेदीदाराच्या हाती काही आले नाही. नुकसान झाले हे पुरेसे नसते. किती झाले, कोठल्या भावाने झाले, हेही दाखवावे लागते. याच निकालात दुसरेही तत्त्व स्पष्ट झाले. करार मोडला म्हणून हात बांधून बसता येत नाही. नुकसान वाढू न देण्याची खटपट ज्याचे नुकसान झाले त्यानेच करायची असते. ठरलेले सूत आले नाही, तर ते वाजवी वेळेत दुसरीकडून घ्यावे आणि त्याचे बिल जपावे. दोन भावांतला फरक हाच मग मागणीचा आधार होतो.

वकिलाचे खरे काम येथे सुरू होते. समजा, भिवंडीच्या एखाद्या व्यापाऱ्याकडे ग्रे कापडाचा मोठा माल आला आणि ताके उघडताच पिक कमी निघाले. त्याच दिवशी वकील गाठला तर तो प्रथम सांगेल: माल कापू नका, रंगाईला पाठवू नका, नमुना बाजूला काढा आणि नकार लेखी कळवा. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे खरेदीदाराला माल तपासण्याचा वाजवी अवकाश मिळतो; परंतु तो वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतो, किंवा स्वतःचा समजून वापरतो, तेव्हा माल स्वीकारला असे धरले जाते. त्यानंतर किमतीत कपात किंवा भरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. हा फरक दोन महिन्यांनी कळून काय उपयोग?

यानंतर वकील कागद मागेल: सौद्याची नोंद, चलान, बिल, बँकेचा उतारा, दलालाची चिठ्ठी, व्हॉट्सॲपवरील संदेश. संदेश पुराव्यात येतात. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाप्रमाणे त्यांच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून मूळ फोन आणि मूळ संभाषण जपावे, केवळ छायाचित्रावर विसंबू नये. मुदतीचेही भान हवे. विकलेल्या मालाची किंमत असो वा करारभंगाची भरपाई, दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. देणेकऱ्याचे तोंडी ‘देतो’ ती लांबवत नाही. मुदत संपण्यापूर्वी त्याने सहीनिशी दिलेली कबुली लांबवते.

ज्याचे पैसे अडकले तो छोटा उत्पादक, म्हणजे स्वतः माग चालवणारा असेल, तर वकील आणखी एक गोष्ट तपासेल. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज चढते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण उशिराच्या देण्याचे हे संरक्षण मिळत नाही. त्या भरवशावर बसणाऱ्याला हे आधीच कळलेले बरे.

चांगला वकील रागालाही आवर घालतो. ‘चारशेवीसची केस टाकतो’ ही धमकी बाजारात सहज दिली जाते. परंतु सौदा करतानाच फसवण्याचा हेतू होता, हे दाखवता आले तरच तो गुन्हा होतो. नंतर पैसे अडकले, एवढ्याने होत नाही. दिवाणी वादाला फौजदारी रंग देण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा नापसंती दर्शवली आहे. नोटिशीत तारखा, रक्कम, हिशोब आणि उत्तराची मुदत असावी, शिवी नसावी. पुढे तोच कागद न्यायाधीशांसमोर वाचला जातो.

तीन लाख व त्यावरील व्यापारी वादात, तातडीचा मनाईहुकूम हवा नसेल तर, दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न करावाच लागतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अट सक्तीची ठरवली. तेथे झालेला लेखी समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येतो. म्हणजे नातेवाइकांनी बैठकीत जे साधायचे, तेच येथे साधते. फरक एवढाच की येथे दिलेला शब्द मोडता येत नाही.

वकिलासमोर स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. श्रावकाच्या सत्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटा लेख करणे येते, आणि अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापतोल आणि बनावट माल खपवणे येते. मागाहून तारीख घालून चिठ्ठी तयार करणारा व्रतही मोडतो आणि खटलाही गमावतो, कारण उलटतपासणीत पहिला घाव तेथेच बसतो.

अनेकदा वादाच्या दोन्ही बाजू एकाच संघातल्या असतात. संवत्सरीला दोघेही एकमेकांना हात जोडतात; परंतु मनात बाकी रक्कम असते, आणि पुढच्या पिढीपर्यंत दोन घरांतले येणे-जाणे तुटते. हिशोब वेळीच मांडला गेला, दोघांचे वकील एका टेबलावर बसले, रक्कम व हप्ते लिहून सह्या झाल्या, तर खाते बंद होते. त्यानंतर केलेली क्षमापना दोघांनाही मनापासून करता येते.