पाकिटे मोजलीत, आता माणसांकडे बघा

प्रति,
जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सक, रत्नागिरी

विषय : बुरोंडी परिसरातील व्यसनी माणसांच्या उपचाराबाबत

महोदय,

ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटे वाहून आली. आधी कर्दे, मग लाडघर, केळशी, कोळथरे. बुरोंडी ते दाभोळ खाडी एवढ्याच पट्ट्यात शंभरेक किलो माल मिळाला. सीमाशुल्क खाते आणि पोलिसांनी किनारा पिंजून काढला, पंचनामे केले, वजने नोंदवली. हे काम झाले नसते, तर तो माल गावातल्या पोरांच्या हाती लागला असता. त्याबद्दल आभारच आहेत.

पण समुद्रातून चरस एकदा आला. दारू रोज रस्त्याने येते. तिच्यासाठी कोणी किनारा पालथा घालत नाही.

बंदरावर व्यसन कसे जीव घेते, ते सांगतो. रोज पिणारा खलाशी बोटीवर चढला, बाटली संपली किंवा तांडेलाने काढून घेतली, की काही तासांत त्याचे हात कापू लागतात. पुढच्या दीड-दोन दिवसांत फिट येऊ शकते. भासही सुरू होऊ शकतात. नसलेली माणसे दिसतात, दिवस-रात्र कळेनाशी होते. पाय ठेवायला जेमतेम जागा, खाली पाणी आणि दवाखाना कित्येक तासांवर. म्हणूनच ‘दारू सोड’ एवढे सांगून भागत नाही. मुरलेल्या पिणाऱ्याची दारू डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. शपथा घालून आणि अंगारे लावून गावाने आजवर जे केले, त्यात माया होती, पण औषध नव्हते.

म्हणून तीन मागण्या.

पहिली, दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठी डॉक्टर आणि समुपदेशक कोणत्या वारी भेटतात, ते बुरोंडी बंदरावर फलक लावून कळवा. सोय नसेल तर सुरू करा. त्याच फलकावर १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक ठळक लिहा.

दुसरी, अमली पदार्थांच्या कायद्यातले ६४-अ कलम लोकांना समजावून सांगा. थोडा माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. चरसासाठी ही मर्यादा १०० ग्रॅम आहे. हे ठाऊक नसल्याने आईबाप पोराला दवाखान्यात नेण्याऐवजी घरात लपवतात.

तिसरी, दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावात मतदान मागता येते. त्याची रीत उत्पादन शुल्क खात्याने ग्रामसभेत येऊन सांगावी, आणि विनापरवाना विक्रीची तक्रार करणाऱ्या बाईचे नाव विकणाऱ्याच्या कानावर जाणार नाही, याची हमी तिथेच द्यावी. या भीतीपोटीच बायका गप्प बसतात.

मुहूर्तही सुचवतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. गावातले खलाशी घरी असतात, बोटी शाकारलेल्या असतात. उपचाराला दोन महिने सलग मिळतील असा काळ वर्षात दुसरा नाही. पुढच्या बंदीच्या आधी, मे महिन्यात, आपल्या चारही कार्यालयांनी बुरोंडीत एकत्र बैठक घ्यावी. जागा गाव देईल; तारीख आपण लेखी कळवावी.

आपला,
बुरोंडीचा एक रहिवासी