ऑपरेशननंतर धार सुधारेल का?

धाराशिवमध्ये आमच्या मोहल्ल्यातील दोन बुजुर्गांचे गेल्या वर्षी प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले. दोघेही सत्तरीचे, दोघांचेही दुर्बिणीतून. एक चाचा दीड महिन्यात फजरच्या जमातीत पुन्हा दिसू लागले. दुसऱ्या चाचांची धार फारशी सुधारली नाही आणि रात्री चार-चारदा उठणेही थांबले नाही. "पैसे गेले, त्रास तसाच," असे घरात बोलले जाऊ लागले. एकाच ऑपरेशनचे असे दोन निकाल का लागतात, हे आज आम्ही सांगणार आहोत.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी गाठ. लघवीची नळी तिच्यामधून जाते. उतारवयात ही गाठ वाढते आणि नळी दाबली जाते. पण धार बारीक होण्याचे कारण प्रत्येक वेळी तेच नसते. नळाला पाणी कमी येते तेव्हा एक तर तोटीत कचरा असतो, नाही तर टाकीतूनच दाब नसतो. ऑपरेशन तोटी मोकळी करते. टाकीचा दाब वाढवत नाही. वर्षानुवर्षांची शुगर, मणक्याचा आजार, लकवा किंवा अडथळा खूप काळ तसाच राहणे, यांमुळे मूत्राशयाचे स्नायू दमतात. दुसऱ्या चाचांना वीस वर्षांपासून शुगर होती.

म्हणून "गाठ केवढी आहे?" या प्रश्नापेक्षा "अडथळा खरोखर गाठीचाच आहे का आणि मूत्राशयात जोर उरला आहे का?" हा प्रश्न महत्त्वाचा. लहान गाठही नळी अडवते आणि मोठी गाठ असूनही काहींना त्रास नसतो.

उत्तर शोधण्याच्या पायऱ्या अशा. पहिली, सात प्रश्नांची गुणपत्रिका. एकूण गुण 35. सातपर्यंत सौम्य, 8 ते 19 मध्यम, 20 च्या पुढे तीव्र त्रास. त्रास जितका जास्त, तितका ऑपरेशननंतरचा फरक सहसा ठळक. दुसरी, धारेची तपासणी, म्हणजे युरोफ्लोमेट्री. धारेचा सर्वाधिक वेग सेकंदाला 10 मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर अडथळ्याची शक्यता बरीच. मात्र तपासणीत किमान 150 मिलिलिटर लघवी व्हायला हवी. तिसरी, लघवीनंतर किती शिल्लक राहते याची सोनोग्राफी. तरीही शंका उरली तर बारीक नळी घालून मूत्राशयाचा दाब मोजतात. दाब जास्त आणि धार कमी, तर अडथळा आहे आणि ऑपरेशनकडून आशा आहे. दाबही कमी आणि धारही कमी, तर अपेक्षा बेताची ठेवावी. ही तपासणी प्रत्येकालाच लागते असे नाही. इंग्लंडमधील 26 रुग्णालयांत 820 पुरुषांवर झालेल्या अभ्यासात ती सरसकट केल्याने ऑपरेशनांचे प्रमाण कमी झाले नाही.

लघवी वारंवार तुंबणे, मूत्रपिंडावर परिणाम होणे, मूत्राशयात खडे होणे, अशा वेळी मात्र ऑपरेशन टाळून चालत नाही.

काय सुधारेल हेही आधी विचारा. धार सहसा लवकर सुधारते. रात्रीचे उठणे सर्वांत कमी सुधारते, कारण त्यामागे शुगर, हृदयाचा आजार, पायांची सूज किंवा झोप न लागणेही असते. ऑपरेशननंतर अनेकांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. त्याने जिवाला धोका नाही, पण पती-पत्नी दोघांनाही हे आधी माहीत असावे.

आमच्या घरांत हा त्रास लाजेखाली दडतो. वुजू टिकेल की नाही या भीतीने बुजुर्ग मस्जिदीत जाणे टाळतात, पाणी पिणेही कमी करतात. सतत थेंब येत असतील तर शरीयतमध्ये सवलत आहे. मसला आलिमांना विचारावा आणि आजार डॉक्टरांना दाखवावा.

लेकींनो, सुनांनो, अब्बांना घेऊन धाराशिवच्या, सोलापूरच्या किंवा लातूरच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीन दिवसांची नोंद सोबत न्या: केव्हा लघवी झाली, मापाच्या मगात किती भरली. शुगरचा रिपोर्ट न्या आणि सर्दीच्या गोळ्यांसकट सगळी औषधे न्या, कारण काही सर्दीच्या गोळ्यांनीही लघवी अडते. मग एकच प्रश्न विचारा: "डॉक्टरसाहेब, तोटी अडली आहे की टाकी दमली आहे?"